पेट्या बदलतात, वाट राहते

१९७९ साली पुण्यात दोन स्थानिक टेलिफोन एक्स्चेंजांना जोडणारी एक नवी केबल कामाला लागली. तिच्यात तांब्याऐवजी काच होती. भारताच्या टेलिफोन जाळ्यातली ही पहिली प्रकाशतंतू जोडणी. नातेवाइकांची खुशाली विचारायला फोन लावणाऱ्या पुणेकराला त्यातले काही कळण्याचे कारण नव्हते. घरात तोच जड काळा फोन होता, बोट घालून फिरवायची तीच डायल होती, कानावर पडणारी घंटीही तीच होती. मधली वाट तेवढी बदलली होती.

अमेरिकेत ग्राहकांची खरीखुरी संभाषणे काचेतून वाहू लागली ती १९७७ मध्ये, एप्रिलमध्ये लाँग बीचला आणि मे महिन्यात शिकागोला. शिकागोची जोडणी जेमतेम अडीच किलोमीटरची होती आणि तिने दोन एक्स्चेंजांबरोबर एक मोठी कार्यालयीन इमारतही जोडली होती. त्यानंतर दोनच वर्षांत पुणे. टेलिफोनसाठी अर्ज करून वर्षानुवर्षे ताटकळणाऱ्या देशाने या एका बाबतीत जगाच्या बरोबरीने पाऊल टाकले होते. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगायला हवी होती. ती विसरली गेली, कारण वाटेचा इतिहास लिहिण्याची आपल्याला सवय नाही.

टेलिफोनचा इतिहास आपण यंत्रांचा इतिहास म्हणून सांगतो. बेलचा फोन आला, मग स्ट्रॉजरचे स्वयंचलित एक्स्चेंज, मग डिजिटल एक्स्चेंज, मग मोबाइल. या यंत्रांना जोडणारी वाट त्या गोष्टीत मागेच राहते. पण विद्यापीठ, कारखाना, रुग्णालय किंवा वीजकेंद्र अशा एखाद्या मोठ्या आवाराची टेलिफोनव्यवस्था ज्याने सांभाळली आहे त्याला विचारा. तो सांगेल की एक्स्चेंज विकत घेणे सोपे. आवाराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या फोनपर्यंत पोहोचणे अवघड. आज ठिकठिकाणी जुनी ईपीएबीएक्स, म्हणजे आवारांची स्वतःची स्वयंचलित एक्स्चेंज, भंगारात निघत आहेत आणि त्यांच्याबरोबर केबलांचे नकाशेही रद्दीत चालले आहेत. म्हणून या वाटेचा हिशेब आता मांडायला हवा.

टेलिफोनचे मूळ गणित साधे आहे आणि महागही. एका फोनला तांब्याच्या दोन तारा लागतात. त्यालाच टेलिफोनवाले ‘पेअर’ म्हणतात. १८८२ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथे पहिली एक्स्चेंज सुरू झाली तेव्हा हाच नियम होता आणि शंभर वर्षांनी एखाद्या आवारातल्या अंतर्गत फोनलाही तोच लागू होता. आता एक उदाहरण घेऊ. एक्स्चेंज मुख्य इमारतीत आहे आणि दोन किलोमीटरवरच्या नव्या इमारतींत शंभर एक्स्टेंशन द्यायची आहेत. शंभर पेअर म्हणजे दोनशे तारा, प्रत्येक दोन किलोमीटर लांब. एकूण चारशे किलोमीटर तार झाली. अर्ध्या मिलिमीटर जाडीची तार धरली तर नुसते तांबेच सातशे किलोच्या आसपास भरते. त्यावर प्लास्टिक, पाणी अडवणारी जेली, चिलखत आणि खोदाईचा खर्च वेगळा. हे शंभर फोन दिवसातला बहुतेक वेळ गप्प असतात, पण त्यांची तार मात्र चोवीस तास अडकून पडलेली असते.

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे अशी आवारे भराभर उभी राहिली. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये सुरू झाले. पवईला आयआयटी १९५८ मध्ये आली. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि माळरानांवर कारखान्यांच्या वसाहती वसल्या. १९६८ मध्ये राहुरीला कृषी विद्यापीठ झाले. या संस्थांना शेकडो एकर जमीन लागली, कारण प्रयोगशाळांबरोबर वसतिगृहे, कर्मचाऱ्यांची घरे, पाण्याच्या टाक्या, दवाखाना आणि शाळा असे अख्खे गावच वसवायचे होते. टपाल व तार खात्याकडून मिळणाऱ्या लाइन हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. म्हणून आवाराने स्वतःचे छोटे एक्स्चेंज ठेवायचे, बाहेरच्या चार-सहा लाइन त्यात घ्यायच्या आणि आत शे-दोनशे एक्स्टेंशन वाटायची, अशी पद्धत पडली. फोनवर दोन-तीन आकडे फिरवले की वसतिगृहाचा रखवालदार, बॉयलरवरचा फोरमन किंवा वॉर्डातली परिचारिका बोलू लागायची. बाहेरच्या जगात टेलिफोन ही प्रतिष्ठेची वस्तू असताना आवारात मात्र तो पाण्याच्या नळासारखा कामाचा होऊन गेला होता.

या व्यवस्थेचे हृदय एका खोलीत असायचे. दारावर ‘एमडीएफ’, म्हणजे मेन डिस्ट्रिब्यूशन फ्रेम, अशी पाटी. आत लोखंडी सांगाड्यावर टॅग ब्लॉकच्या रांगा, एका बाजूला एक्स्चेंजकडून आलेल्या तारा, दुसऱ्या बाजूला आवाराच्या कानाकोपऱ्यांत जाणाऱ्या केबली, आणि मध्ये जम्पर वायरींचे जाळे. एखाद्या प्राध्यापकाची खोली बदलली की लाइनमन इथे येऊन एक जम्पर काढायचा, दुसरा लावायचा, आणि नंबर नव्या खोलीत जायचा. कानाला टेस्ट फोन लावून तो पेअर शोधू लागला की खोलीत फक्त खरखर आणि डायल टोन ऐकू यायचा.

या खोलीची परीक्षा दर वर्षी दोनदा व्हायची. पहिली वळवाच्या पावसात. उन्हाने तापलेल्या जमिनीवर वीज पडली की तिचा धक्का जमिनीखालच्या तांब्यातून धावत यायचा आणि एक्स्चेंजमधली कार्डे जाळून जायचा. दुसरी परीक्षा आषाढात. जुन्या केबलींत तारांभोवती कागदाचे वेष्टन असे आणि वर शिशाचे आवरण. त्या आवरणाला बारीकशी चीर गेली तरी कागद ओल शोषून घ्यायचा आणि एका दमात पन्नास फोन मुके व्हायचे. पुढे जेली भरलेल्या केबली आल्या. त्यांनी पाण्याला बराच अटकाव केला. पण सांध्यात शिरणारे पाणी, केबल कुरतडणाऱ्या घुशी आणि तांबे विकून पैसा करणारे चोर यांच्यावर जेलीकडे उपाय नव्हता. शिवाय अंतराची अडचण होतीच. तार लांबली की तिचा रोध वाढतो, आवाज क्षीण होतो आणि एका मर्यादेपलीकडे घंटी वाजतच नाही.

या अडचणीतून सुटण्याची पहिली युक्ती टेलिफोनपेक्षाही जुनी आहे. १८७४ साली एमिल बोदो या फ्रेंच तारयंत्रज्ञाने एकाच तारेवर अनेक यंत्रांना आळीपाळीने वेळ वाटून देण्याची पद्धत शोधली. तारेचे संदेश तुटक असतात, त्यामुळे त्यांना पाळी लावून देणे शक्य होते. माणसाचा आवाज अखंड असतो, त्याला पाळी कशी लावायची? याचे उत्तर १९३८ साली पेटंट झाले. पॅरिसच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या अलेक रीव्ह्ज या इंग्रज अभियंत्याने ते दिले. त्याने सुचवले की आवाज सलग पाठवू नका. ठरावीक अंतराने त्याची उंची मोजा आणि ते आकडे पाठवा. पलीकडे आकड्यांवरून आवाज पुन्हा उभा करता येतो. सेकंदाला ८,००० वेळा मोजायचे आणि प्रत्येक मोजणी आठ बिटांत लिहायची, असा पुढे प्रघात पडला. म्हणून टेलिफोनवरच्या एका आवाजाची किंमत सेकंदाला ६४,००० बिट. ही कल्पना परवडण्याजोगी व्हायला ट्रान्झिस्टर यावा लागला. १९६२ साली अमेरिकेत चोवीस आवाजांची पहिली व्यापारी यंत्रणा सुरू झाली. युरोपने तीस आवाजांची पद्धत स्वीकारली आणि भारतानेही तीच घेतली. १९७५ मध्ये मुंबई शहर आणि अंधेरी या एक्स्चेंजांमध्ये अशी पहिली यंत्रणा आली.

ही पद्धत समजायला आपल्याकडची पंगत पुरेशी आहे. बत्तीस पाने मांडली आहेत आणि वाढपी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक पानावर एक-एक घास वाढत जातो. टोक आले की पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात. तो सेकंदाला आठ हजार फेऱ्या मारतो, म्हणून कुणाच्याही पानावर खंड पडल्यासारखे वाटत नाही. बत्तीसपैकी तीस पानांवर आवाज बसतात. पहिले पान कुणाचे नसते. पंगत कुठून सुरू होते हे वाढप्याला कळावे म्हणून ते राखून ठेवलेले असते. सतरावे पान निरोपांचे. कुणी रिसीव्हर उचलला, कुणी ठेवला, कुणाची घंटी वाजवायची आहे, ते सारे त्यावरून जाते. या बत्तीस पानांच्या पंगतीला टेलिफोनवाले ‘ई-वन’ म्हणतात आणि तिचा वेग सेकंदाला २० लाख ४८ हजार बिट असतो. ज्या पेटीत ही पंगत बसवली जाते आणि पलीकडे उठवली जाते ती पेटी म्हणजे मल्टिप्लेक्सर. कामावरची माणसे तिला नुसते ‘मक्स’ म्हणतात.

दुसरी युक्ती प्रकाशाची. तीही फार जुनी आहे. टेलिफोनचा शोध लावल्यानंतर चारच वर्षांनी, १८८० च्या जूनमध्ये, अलेक्झांडर ग्रॅहम बेलने वॉशिंग्टनमध्ये सूर्यकिरणांवर आवाज स्वार करून २१३ मीटर दूर पोहोचवला होता. पण ढग आले की बोलणे बंद. प्रकाशाला आडोशाची वाट हवी होती. पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेल्या नरिंदर सिंग कपानी यांनी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर काम करून १९५४ साली दाखवून दिले की काचेच्या तंतूंच्या जुडग्यातून चित्र नेता येते. तरीही त्या काळची काच इतकी गढूळ होती की काही मीटरांतच प्रकाश विझून जायचा. १९६६ मध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी नेमका दोष सांगितला. काचेचा स्वभाव आड येत नाही, तिच्यातली अशुद्धी आड येते. एक किलोमीटर गेल्यावर शंभरातला एक भाग प्रकाश शिल्लक राहिला तरी टेलिफोनचे काम होईल, असे त्यांनी गणिताने मांडले. चार वर्षांनी कॉर्निंग कंपनीच्या प्रयोगशाळेत ती काच तयार झाली. आजच्या चांगल्या तंतूत किलोमीटरभर गेल्यावर शंभरातले पंचाण्णव भाग शिल्लक राहतात. या साऱ्यात एक धागा मला फार मोलाचा वाटतो. काओ ज्या इंग्लिश प्रयोगशाळेत काम करत होते तिथेच प्रकाशवाटेच्या संशोधनाचा आग्रह धरणारा ज्येष्ठ होता अलेक रीव्ह्ज. आवाजाला आकड्यांत बसवणाऱ्या माणसानेच पुढच्या पिढीला त्या आकड्यांसाठी नवी वाट शोधायला लावले.

पुढे तंतू बनवणेही आपल्या घरी आले. पुणे आणि गोव्यात कारखाने असलेल्या फिनोलेक्सने जेली केबलींच्या जोडीला प्रकाशतंतूंच्या केबली बनवल्या. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला स्टरलाइटने काचेचा तंतू ओढायला सुरुवात केली. एक्स्चेंजांच्या बाजूला १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था स्थापन झाली होती आणि तिच्या १२८ लाइनच्या छोट्या डिजिटल एक्स्चेंजने खेड्यांत एक्स्चेंजसाठी वातानुकूलित खोली लागते हा समज मोडून काढला होता. नव्वदच्या दशकात या दोन्ही धारा मोठ्या आवारांत येऊन मिळाल्या. एक्स्चेंज डिजिटल झाले, वाट काचेची झाली, आणि त्यांना जोडायला मक्स आला.

त्याचे काम जवळून पाहण्यासारखे आहे. समजा, रुग्णालयाच्या आवारात दोन किलोमीटरवर परिचारिकांचे वसतिगृह आहे. एक्स्चेंजच्या बाजूला मक्समध्ये जे कार्ड असते ते एक्स्चेंजला आपण फोन आहोत असे भासवते. वसतिगृहाच्या बाजूचे कार्ड तिथल्या फोनला आपण एक्स्चेंज आहोत असे भासवते. अपघात विभागातून कुणी वसतिगृहाचा नंबर फिरवला की एक्स्चेंज नेहमीप्रमाणे घंटीचा दाब सोडते, सुमारे पंचाहत्तर व्होल्ट. तो दाब काचेतून जाऊ शकत नाही. म्हणून पहिले कार्ड त्याचा निरोप करते, निरोपांच्या पानावर एक खूण उमटते, ती प्रकाशाच्या उघडझापीतून पलीकडे जाते आणि तिथले कार्ड स्वतःच्या बॅटरीवर नवी घंटी तयार करून फोन वाजवते. परिचारिका फोन उचलते. उचलल्याची खबर त्याच वाटेने परत येते आणि बोलणे सुरू होते. फोन जुना, एक्स्चेंज जुने, नंबर जुना. जुनी वस्तू टाकून द्या, असे या पेटीने कुणाला सांगितले नाही. दोन जुन्या गोष्टींना तिने नव्या वाटेने एकमेकांशी बोलते केले. तंत्रज्ञानाच्या इतिहासात इतकी समजूतदार यंत्रे फार नाहीत.

आता आधीचा हिशेब पुन्हा करू. शंभर एक्स्टेंशनसाठी चार पंगती पुरतात. एकशेवीस आवाज बसतात. त्यांना दोन तंतू लागतात, एक जायला, एक यायला. दोन किलोमीटरचे दोन तंतू म्हणजे चार किलोमीटर काच, आणि तिचे वजन भरते सुमारे शंभर ग्रॅम. सातशे किलो तांब्याचे काम मूठभर काचेने केले. शिवाय काचेतून वीज वाहत नाही, त्यामुळे वळवाचा धक्का एका इमारतीतून दुसरीत त्या वाटेने जात नाही. काचेला भंगारात किंमत नाही, तरी तांबे समजून चोर ती कापतात हे दुःख आहेच. त्याहून मोठे दुःख जेसीबीचे.

तुटलेला तंतू जोडताना पाहिला आहे त्याला या कामाची नजाकत कळते. खड्ड्याशेजारी ताडपत्रीचा आडोसा करून जॉइंटर बसतो, कारण धुळीचा एक कण पुरे असतो. तो तंतूवरचे रंगीत आवरण सोलतो. आत उरते सव्वाशे मायक्रॉन जाडीची काच, साधारण केसाएवढी. स्पिरिट लावलेल्या कापसाने ती पुसतो, क्लीव्हरने काटकोनात तोडतो आणि दोन टोके स्प्लायसिंग यंत्राच्या खाचेत समोरासमोर ठेवतो. छोट्या पडद्यावर ती टोके खांबांएवढी मोठी दिसतात. एक क्षण ठिणगी चमकते आणि दोन काचांची एक काच होते. मग त्यावर बारीक नळी चढवून तो तापवतो, तंतूची वेटोळी ट्रेमध्ये निगुतीने ठेवतो आणि पुढचा रंग हातात घेतो.

रंगांची गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. तांब्याच्या केबलीत पेअर ओळखायला पाच आणि पाच असे दहा रंग असतात. एका तारेचे निळा, केशरी, हिरवा, तपकिरी, राखाडी; जोडीदार तारेचे पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा. प्रकाशतंतूंच्या रूढ क्रमात पहिले दहा तंतू याच रंगांचे आणि याच क्रमाने येतात. आयुष्यभर तांबे जोडलेला माणूस काचेकडे वळला तेव्हा त्याला मोजणी नव्याने शिकावी लागली नाही. ज्यांनी हा क्रम ठरवला त्यांनी कामगाराच्या हातातले ज्ञान जपले. वाट राहते असे म्हणताना मला जमिनीतल्या चराइतकीच ही हातातली वाटही अभिप्रेत आहे.

आवार म्हणजे कुंपणाच्या आतली जागा, असेही समजण्याचे कारण नाही. रेल्वे हे शेकडो किलोमीटर लांब आणि काही मीटर रुंद असलेले आवारच आहे. तिथे गेटवरचा फोन स्टेशन मास्तरांशी जोडलेला असावा लागतो आणि स्टेशन मास्तर नियंत्रण कक्षाशी. पंचवीस हजार व्होल्टच्या ओव्हरहेड तारांशेजारून तांब्याची टेलिफोन तार नेली की तीत वीज प्रवर्तित होते. बोलण्यात घरघर येते आणि काम करणाऱ्याला धोकाही असतो. काचेला त्याची बाधा नाही. म्हणून रेल्वेने रुळांशेजारी प्रकाशतंतू टाकले आणि स्टेशनागणिक मक्स बसवून लागतील तेवढे आवाज उतरवून घेतले, उरलेले पुढे सोडले. वीजकेंद्रांचेही तसेच. जिथे जमिनीतला विजेचा दाब एकाएकी चढू शकतो तिथे फोनची तार माणसाच्या जिवावर बेतू शकते, आणि तिथे काचेने दिलेली सुरक्षितता पैशात मोजता येत नाही.

यानंतर मोठी उलथापालथ झाली. सुरुवातीला संगणकांची माहिती आवाजाच्या घरात पाहुणी म्हणून आली. मोडेम लावून ती टेलिफोनच्या तारेवरून, आवाजाचे सोंग घेऊन, कुरकुरत जायची. पुढे काचेची वाट झाली, माहितीचा लोंढा वाढला आणि घराची मालकी बदलली. आज आवाज हाच माहितीच्या घरातला पाहुणा आहे. त्याचेही तुकडे करून इतर पाकिटांबरोबर इंटरनेटच्या भाषेत पाठवले जातात. त्यात सोयी खूप आहेत आणि त्या नाकारण्यात शहाणपण नाही. पण ज्या आवारांत हे स्थित्यंतर सहज झाले तिथले कारण पाहा. नव्वदच्या दशकात फोनसाठी म्हणून जे तंतू टाकले होते, त्यांतले राखीव ठेवलेले तंतू तिथे तयार होते. टोकांच्या पेट्या बदलल्या आणि त्याच काचेतून शेकडो पट माहिती जाऊ लागली. खोदाई करावी लागली नाही.

याच टप्प्यावर एक गंभीर चूक होते आहे. तांब्याच्या काळात फोनला वीज एक्स्चेंजमधून मिळत होती. मध्यवर्ती खोलीत अठ्ठेचाळीस व्होल्टचा बॅटरी संच असे. अख्ख्या आवारात अंधार झाला तरी फोन चालू राहायचा. काच आवाज नेते, वीज नेत नाही. त्यामुळे मक्स आला तेव्हा पलीकडच्या इमारतीत चार्जर आणि बॅटरी ठेवावी लागली, आणि ती जपण्याची जबाबदारी आवारभर विखुरली. इंटरनेटवरचा फोन आला तशी ही जबाबदारी आणखी वाढली, कारण आता मजल्यामजल्यावरचे स्विचही जिवंत राहावे लागतात. कागदावर सगळीकडे बॅकअप असतो. प्रत्यक्षात फुगलेल्या, सुकलेल्या बॅटऱ्या किती कपाटांत पडून असतात ते देखभालीच्या लोकांना ठाऊक आहे. ‘मोबाइल आहेत की सगळ्यांकडे’ हे त्यावरचे नेहमीचे उत्तर. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत मोबाइल आणि लँडलाइन दोन्ही कोलमडले होते. बाहेरचे जाळे तुटते त्या दिवशी रुग्णालयाच्या वॉर्डाने रक्तपेढीशी कसे बोलायचे? स्वतःचे एक्स्चेंज, स्वतःची वाट आणि स्वतःची चार्ज केलेली बॅटरी असेल तर त्या दिवशीही आवार आतल्या आत बोलू शकते.

दुसरी चूक नकाशांची. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या कारखान्यात गेलो होतो. एका शेडचे फोन आणि संगणक दोन्ही बंद पडले होते. तंतू कुठे तरी तुटला होता. यंत्राने अंतर सांगितले, एक्स्चेंजपासून अमुक मीटर. पण केबल जमिनीखाली कोणत्या वळणाने जाते हेच कुणाला सांगता येईना. अंतर माहीत आणि जागा अज्ञात. जुना जॉइंटर असता तर सांगितले असते, असे जो तो म्हणत होता. त्याच्याकडे एक लांबट वही होती. कोणत्या झाडापासून किती पावलांवर सांधा आहे, कोणत्या रस्त्याखाली पाइप घातला आहे, कोणता पेअर कुठे संपतो, सारे तीत लिहिलेले. तो निवृत्त झाला, खोली रंगवायला काढली आणि वही रद्दीत गेली. तीन दिवस चर खणत ती जागा शोधली. जोडायला अर्धा तास लागला.

त्या तीन दिवसांनी मला जे शिकवले ते कोणत्याही आवाराला लागू आहे. संस्था पेट्यांवर खर्च करतात, कारण पेटी दिसते, तिचे उद्घाटन करता येते, तिच्यावर वर्षाचा आकडा घालता येतो. पेटीचे आयुष्य दहा-पंधरा वर्षांचे. नीट पुरलेला चर, त्यातला एचडीपीई पाइप आणि त्यातली काच दोन-तीन पिढ्यांच्या पेट्या पाहते. तरीही अंदाजपत्रकात कात्री लागते ती चराच्या खोलीला, राखीव पाइपाला आणि जॉइंटरच्या पदाला. हा उलटा व्यवहार आहे आणि तो थांबायला हवा.

ज्यांच्या हातात अशी आवारे आहेत त्या कुलसचिवांना, कारखान्यांच्या व्यवस्थापकांना, रुग्णालयांच्या अधीक्षकांना माझे सांगणे आहे. जुने एक्स्चेंज काढायचे तर काढा, पण त्याच्याखालची वाट मोजून, तपासून, नोंदवून ठेवा. नवा चर खणाल तेव्हा आजच्या गरजेपेक्षा एक पाइप जास्त घाला. अपघात विभाग, बॉयलर, वसतिगृहाचे दार, पाण्याचा पंप अशा मोजक्या जागी तरी स्वतःच्या बॅटरीवर चालणारा आतला फोन ठेवा आणि महिन्यातून एकदा मुख्य वीज बंद करून तो वाजतो का ते पाहा. आणि नकाशा काढण्याचे काम पुढच्या वर्षावर ढकलू नका. ज्यांना ही वाट पाठ आहे ती माणसे अजून कामावर आहेत, आणि त्यांतली बरीच येत्या काही वर्षांत निवृत्त होणार आहेत.